‘गप बस’ म्हणण्याआधी



२ जुलै २०१९ ची रात्र आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या वर माणसं गेली. दोन दिवसांनी त्या वेळचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी कारण सांगितलं : खेकडे. धरणात खेकडे फार झाले होते, त्यांनी भिंत पोखरली.

कोकणातल्या पोराला खेकड्यांबद्दल कुणी काय सांगायचं? पहिला पाऊस पडला की रात्री बॅटरी घेऊन वहाळात उतरणारी ही पोरं. खेकडा बीळ करतो, बांध पोखरतो, भाताच्या खाचरात पाणी ठरू देत नाही, हे त्यांना शाळेच्या पुस्तकाआधी ठाऊक असतं. म्हणूनच त्यांना पुढचे प्रश्न पडतात. खेकडे तर सगळ्याच धरणांत असतात, मग हेच कसं फुटलं? खेकडे दिसत होते तर भिंत दुरुस्त का नाही केली? भिंत तपासायचं काम कुणाचं होतं? दहा-बारा वर्षांच्या पोराच्या तोंडी येणारे हे प्रश्न. चौकशी समितीने विचारावेत असेच नेमके. आणि अशा प्रश्नांना घरात काय उत्तर मिळतं, ते तुम्हालाही माहीत आहे. ‘गप बस. मोठ्यांच्या गोष्टींत तोंड घालू नकोस.’

तिवऱ्याच्या लोकांनी प्रश्न विचारले नव्हते असं मात्र समजू नका. भिंतीतून पाणी झिरपतंय, ही तक्रार त्यांनी धरण फुटण्याच्या आधीच केली होती. विचारणारे होते, पलीकडे ऐकणारं कुणी नव्हतं. खुर्चीत बसलेल्याला आपण उत्तर देणं लागतो असं वाटायचं, तर विचारणारे चार नव्हे, चारशे असावे लागतात. त्यांनी लेखी विचारावं लागतं, तारीख घालून, पोच घेऊन, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा. अशी माणसं काही सरकारी योजनेतून मिळत नाहीत. ती आपल्याच घरात वाढतात, किंवा वाढायची राहतात. आजचं हितगुज त्यासाठीच आहे.

तसे आपण कोकणातले लोक भांडायला कमी नाही. बांध चार बोटं सरकला म्हणून सख्ख्या भावाला कोर्टात उभं करू, एका हापूसच्या झाडासाठी दोन पिढ्या तारखांना जाऊ. कूळकायदा तोंडपाठ असलेले आजोबा अजून वाडीवाडीत सापडतात. पण त्याच आजोबांना कचेरीतल्या शिपायाने ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ एवढं सांगितलं की ते छत्री बगलेत धरून दुपारपर्यंत बाकावर बसून राहतात. मीटिंग कधी संपणार, भेटीची वेळ कोणती, ती कुठे लिहिलेली आहे, यातलं काही विचारत नाहीत. भाऊबंदाशी बोलताना जी जीभ चालते, ती साहेबासमोर टाळूला चिकटते. आणि शेजारी नातू बसलेला असतो. तो सगळं बघत असतो.

आता आपल्याकडची एक गंमत. रत्नागिरी शहरात मांडवीहून टिळक आळी चालत जाण्याइतकी जवळ. २३ जुलै १८५६ ला लोकमान्य जन्मले ते घर तिथे आहे, आणि दर १ ऑगस्टला आपल्या शाळांमधून लाल पगडी घातलेले, काजळाच्या मिशा काढलेले छोटे टिळक भाषणं करतात. शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतात. एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिल्यावर मास्तरांशी वाद घातल्याची गोष्ट सांगतात. या गोष्टी खऱ्या किती आणि मागाहून रचलेल्या किती, तो भाग सोडा. आपण टाळ्या वाजवतो, फोटो काढून नातेवाइकांना पाठवतो. आणि दुसऱ्याच दिवशी तोच मुलगा वर्गात उभा राहून म्हणतो, ‘सर, दंगा मागच्या बाकावर झाला, मग सगळ्या वर्गाला शिक्षा का?’ शाळेतून फोन येतो, ‘तुमचा मुलगा उलट बोलतो.’ आणि आपण त्याला घरी ओरडतो. पाठ केलेला बाणेदारपणा बक्षिसाचा, खरा निघाला तर तो उद्धटपणा!

त्याच टिळकांनी १८९७ साली प्लेगच्या दिवसांत ‘केसरी’च्या अग्रलेखाला दिलेलं शीर्षक आठवा : सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय? शीर्षकच प्रश्नाचं. त्याच वर्षी दुसऱ्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला भरून त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, १९०८ मध्ये सहा वर्षांची. ती मंडालेत भोगली. (त्याच काळात मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता. इंग्रजांची अदलाबदल!) मुलाला टिळक शिकवायचे तर हे सगळं शिकवा : प्रश्न काय होता, तो छापून कसा विचारला आणि त्याची किंमत काय पडली. टरफलांवर थांबू नका.

मुलाच्या आयुष्यातली पहिली सत्ता म्हणजे आपण. कलेक्टर, आमदार, मुख्याध्यापक फार पुढे येतात. त्याआधी दहा-बारा वर्षं आई, बाबा, आजी, काका हेच त्याचं सरकार असतं. त्या सरकारात प्रश्नाचं काय होतं, यावर पुढचं बरंच ठरतं. जेवताना मोबाइल नको, असा नियम असतो. पोरगी विचारते, ‘मग बाबा का बघतात?’ इथे बाबांपुढे तीन वाटा आहेत. मोबाइल खाली ठेवायचा. किंवा खरं कारण सांगायचं : दुकानाचा फोन येणार आहे, तो घ्यावाच लागेल. किंवा ‘मी सांगतो म्हणून’ असं म्हणून विषय बंद करायचा. ‘मी सांगतो म्हणून’ आणि ‘खेकड्यांनी फोडलं’ ही एकाच जातीची उत्तरं आहेत. दोन्हींत कारण द्यायचं नसतं, फक्त समोरच्याचं तोंड बंद करायचं असतं.

उत्तरपत्रिकेचंही तसंच. मूल म्हणतं, ‘माझं उत्तर बरोबर आहे, पुस्तकात हेच दिलंय, तरी मार्क कापले.’ आपण पुस्तक उघडून बघतसुद्धा नाही. ‘सरांपेक्षा तू शहाणा?’ एवढं म्हणून मोकळे होतो. त्यातून मुलाला एवढंच कळतं की बरोबर काय हे पुस्तकावरून ठरत नाही, खुर्चीवरून ठरतं. वीस वर्षांनी तेच मूल एखाद्या कार्यालयात बसून, खोटा आहे हे माहीत असलेल्या कागदावर साहेबाच्या सांगण्यावरून सही करतं, तेव्हा आपण म्हणतो, हल्लीच्या पिढीला कणाच नाही.

‘म्हणजे मुलांनी काहीही ऐकायचंच नाही का?’ हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय. राजिवड्याच्या बंदरावर जाऊन कुठल्याही खलाशाला विचारा. होडी समुद्रात असताना, वारा फिरलेला असताना तांडेलाचा शब्द अखेरचा. जाळं ओढा म्हटलं की ओढायचं, सोडा म्हटलं की सोडायचं. तिथे ‘का?’ विचारणारा स्वतः बुडेल आणि दहाजणांना बुडवेल. पण होडी धक्क्याला लागली, मासळी विकली गेली, की तोच खलाशी आपल्या वाट्याचा हिशेब मागतो, आणि तांडेलाला तो द्यावा लागतो. हिशेब मागितल्याने तांडेलाचा मान कमी होत नाही. मुलांना हा फरक बरोबर समजतो. रस्ता ओलांडताना हात धर म्हटलं की धरायचा, कारण नंतर विचारायचं. फक्त आपण ‘नंतर’ म्हटलं तर तो नंतर खरंच यायला हवा. घरं नेमकी इथे चुकतात.

उद्धटपणाबद्दलही एकदा स्पष्ट बोलू. उद्धटपणा आवाजात असतो, शब्दांत असतो, कधी डोळ्यांतही असतो. प्रश्नात तो नसतो. ‘तुम्हाला काय कळतं?’ हा उद्धटपणा. ‘हा नियम कुठे लिहिला आहे, मला बघता येईल का?’ हा प्रश्न. मुलाला हा दुसरा सूर शिकवायचा. कुणी ठरवलं, कशाच्या आधारावर ठरवलं, चुकलं तर जबाबदार कोण, उत्तर कधीपर्यंत मिळेल : एवढं शांतपणे विचारता आलं की कुठल्याही कचेरीत माणसाचं काम अडत नाही. अडलंच तर कुणी अडवलं ते तरी कळतं. आणि एक गोष्ट त्याच वेळी शिकवायची : उत्तर पटलं तर ‘पटलं’ म्हणायचं. नुसतं प्रश्नावर प्रश्न टाकत राहणारा, उत्तर ऐकून न घेणारा माणूस गावात एक तरी असतोच. त्याला कुणी जबाबदार नागरिक म्हणत नाही, आणि आपल्याला घरात तसा माणूस वाढवायचा नाही.

विचारायची साधनं आपल्या हातात आहेत, ती मुलांना दाखवा. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली केला, देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपयांचं शुल्क, साध्या कागदावर अर्ज, तीस दिवसांत उत्तर. २०१२ मध्ये लखनौच्या दहा वर्षांच्या एका मुलीने या कायद्याखाली थेट पंतप्रधान कार्यालयाला विचारलं की गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ ही पदवी कुठल्या आदेशाने दिली. अर्ज या खात्यातून त्या खात्यात फिरला आणि अखेर सरकारला सांगावं लागलं की तसा कुठलाही कागद नाही. यात गांधीजींचं काही उणं झालं नाही. एका शाळकरी मुलीला सरकारने अधिकृत उत्तर दिलं, एवढं मात्र झालं.

आपल्या दारातलंच उदाहरण घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन बसलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच गंजत राहिलं. आपण मुलांना घेऊन ते बघायला गेलो, त्याच्यासमोर फोटो काढले. हे कुणी हलवायचं, त्याखाली फुटलेला धूपप्रतिबंधक बंधारा कुणाच्या खर्चाने दुरुस्त व्हायचा, हे कुठल्या पोराने विचारलं असेल तर त्याच्यासोबत बसून एक अर्ज लिहायला हवा होता. नागरिकशास्त्राचा धडा किनाऱ्यावर येऊन रुतला होता आणि आपण त्याच्यासमोर सेल्फी काढत होतो.

शाळेच्या बाबतीत पालकांचा हात सगळ्यात आखडतो. कारणही सगळ्यांना माहीत आहे : ‘उगाच बोललो तर आपल्याच पोरावर राग काढतील.’ ही भीती खोटी नाही, आणि तिला हसण्याचं कारण नाही. म्हणूनच एकट्याने बोलू नका, चौघे मिळून बोला. कायदा तुमच्या बाजूला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. खाजगी शाळांसाठी २०११ चा शुल्क नियमनाचा कायदा आहे : पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि फीवाढीचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवायचा. आपल्या शाळेत ही चिठ्ठी कधी निघाली, कुणासमोर निघाली, हे तुमच्यातल्या किती जणांना सांगता येईल? आपली फी कुठल्या बैठकीत ठरली हे माहीत नसताना ती ऑनलाइन भरून मोकळे होणारे आपण, मुलांनी धीट व्हावं असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

आणि बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये शिशुवर्गातल्या दोन लहान मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं. आईवडील पोलीस ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदवून घेण्यासाठीच त्यांना तासन् तास थांबावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, मग यंत्रणा हलली. या घटनेवर मी लांबण लावणार नाही. फक्त एवढं लक्षात घ्या : ‘मोठे सांगतील ते ऐकायचं’ ही शिकवण अपवादाशिवाय दिली तर ती मुलाला चुकीच्या मोठ्या माणसाच्या हाती देते. दादा, काका, सर, ताई कुणीही असो, अंगाला हात लावला आणि नको वाटलं तर ‘नाही’ म्हणायचं, तिथून निघायचं आणि घरी सांगायचं. सांगितल्यावर आपण ‘तसं काही नसेल, तुझा गैरसमज झाला असेल’ असं म्हणायचं नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर मुलाला स्वतःच्या घराच्या पत्त्यासारखा पाठ असावा.

मोठ्यांच्या प्रश्नांनी काय होतं, याचं उदाहरण रत्नागिरीतच आहे, पण ते आपण मुलांना सांगत नाही. १९९२ मध्ये स्टरलाइट कंपनीला तांबं गाळण्याच्या कारखान्यासाठी एमआयडीसीने रत्नागिरीत सुमारे ५०० एकर जागा दिली. तांबं गाळताना गंधकाचा वायू निघतो. आंब्याच्या मोहोराचं काय होणार, खाडीत सोडलेल्या पाण्याने मासळीचं काय होणार, हे बागायतदार आणि मच्छीमार विचारू लागले. वर्षभर आंदोलन चाललं. जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी कंपनीला बांधकाम थांबवायला सांगितलं. कंपनी तमिळनाडूत तुतिकोरिनला गेली. तिथे २२ मे २०१८ ला कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, तेरा माणसं मेली, आणि त्याच महिन्यात कारखाना बंद झाला. पुन्हा सुरू करू द्या म्हणून कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तिची याचिका फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली गेली.

इथे ‘बघा, आपणच बरोबर होतो’ असं म्हणून छाती फुगवणं सोपं आहे. मी तसं करणार नाही. त्या कारखान्यासोबत रोजगारही गेला, पोरं मुंबईलाच जात राहिली, असं म्हणणारी माणसं याच शहरात आहेत आणि त्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. जैतापूरचा अणुप्रकल्प असो की नाणार, बारसूची रिफायनरी, एकाच घरात जेवायला बसलेल्या दोघांची मतं दोन असतात. मुलांसमोर हा वाद होऊ द्या. त्यांच्या लक्षात येऊ द्या की प्रकल्प आणणाऱ्या मंत्र्याला जसं विचारायचं, तसंच आंदोलनाच्या नेत्यालाही विचारायचं : तुमच्याकडचा आकडा कुठून आला? जागेचे व्यवहार कुणी केले? माइक हातात आला की तीही एक सत्ताच असते. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर, कीर्तनाच्या शेवटी राजकारणावर बोलणारे बुवा, कोचिंग क्लासची जाहिरात आणि हे हितगुज, सगळ्यांना तोच नियम. मी लिहिलंय म्हणून मान्य करू नका. वरचं एखादं कलम, एखादी तारीख मुलाला शोधायला लावा. चूक निघाली तर मला जरूर कळवा.

शेवटी एक काम सांगतो, लगेच करण्यासारखं. पुढच्या पालकसभेत हजेरीची वही फिरत तुमच्यापर्यंत येईल. नावासमोर सही करायची घाई असते, मागच्या बाकावरचे ‘लवकर करा हो’ म्हणत असतात. त्या वहीत वर काय लिहिलं आहे ते वाचा. ठराव लिहिला असेल तर तो सभेत झाला का, हे विचारा. वरची जागा कोरी असेल तर आधी मजकूर लिहायला सांगा, मगच सही करा. मूल शेजारी उभं असेल तर त्याला बाहेर खेळायला पाठवू नका.